कशावरून सर

एकदा आम्ही एका जिवंत माणसाची शोकसभा भरवायला निघालो होतो. आमच्या घाटकोपरच्या शाळेचे जुने मुख्याध्यापक निवृत्त होऊन मुलुंडला राहायला गेले होते. ते वारले, अशी बातमी एका सकाळी कुणीतरी आणली. मोठ्या बाईंनी, म्हणजे तेव्हाच्या मुख्याध्यापिकांनी, मधल्या सुट्टीनंतर शाळा सोडायचं ठरवलं. चित्रकलेच्या सरांनी फळ्यावर चौकट आखून सुंदर अक्षरात नाव काढलं. माझ्याकडे मराठी होतं, म्हणून चार शब्द बोलायचं काम माझ्यावर आलं. मी वाक्यं जुळवत बसले होते, तेवढ्यात शिक्षकखोलीच्या कोपऱ्यातून आवाज आला, "कशावरून?"

हे आमचे नागरिकशास्त्राचे सर. मुलं त्यांना पाठीमागे 'कशावरून सर' म्हणत आणि हळूहळू आम्हीही म्हणायला लागलो होतो.

"अहो सर, कशावरून काय? गेले ते," चित्रकलेचे सर म्हणाले. "सोडा ना यार. अशा वेळी तरी!"

"कुणी पाहिलं?"

कुणीच पाहिलं नव्हतं. सर अर्धी रजा टाकून मुलुंडला गेले. परत आले तेव्हा मुलं रांगेत उभी होती आणि मोठ्या बाई घड्याळाकडे बघत होत्या. सर घाम पुसत म्हणाले, "वारले ते त्यांच्या शेजारच्या बिल्डिंगमधले. आडनाव एकच आहे. आपले व्यवस्थित आहेत. त्यांनी मला मसाला दूध दिलं. फळा पुसा."

अशा गोष्टींमुळे ते शाळेत लाडके होते, असं मात्र नाही. शोकसभा टळली याचा आनंद कुणालाच झाला नाही. सुट्टी गेली याचं दुःख सगळ्यांना झालं.

सर उंच होते. केस बारीक कापलेले, पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बंद, आणि चालताना मान शरीराच्या एक पाऊल पुढे. बोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे ते असे टक लावून पाहत की खरं बोलणाऱ्यालाही आपण काहीतरी लपवतोय असं वाटायला लागे. उद्या पाणी येणार नाही असं कुणी म्हणालं की मधल्या सुट्टीत डबा न खाता ते वॉर्ड ऑफिस गाठत आणि परत येऊन सांगत, "येणार आहे. दाब कमी असेल." तोवर अर्ध्या शाळेने घरी निरोप पाठवून पिंपं भरून घेतलेली असत. त्याचं त्यांना काही नसे. लोकांनी पाणी भरलं की नाही यापेक्षा वाक्य बरोबर होतं की नाही, यात त्यांचा जीव.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल शाळेत एक गोष्ट फिरत असे. मुलगी बघायला गेले असताना मुलीची आई म्हणाली, पोहे हिनेच केलेत. तर सर म्हणाले, कशावरून? मी एकदा धीर करून त्यांना विचारलं, खरं का हो हे? सर गंभीर झाले. म्हणाले, "मी विचारलं नव्हतं, बाई. मनात आलं होतं. ते चेहऱ्यावर दिसलं असावं."

वर्गात मात्र त्यांची जादू होती, हे मान्य केलं पाहिजे. एरवी नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या मागे बांधलेलं शेपूट. पेपरात त्याचे गुण थोडे, म्हणून मुलं आदल्या दिवशी पाठ करणार. सरांच्या वर्गात ती जागी असत. सभा भरवण्याचा हक्क शिकवताना ते म्हणाले, "पुस्तकात लिहिलंय म्हणून मानू नका. भरवून बघा." मुलांनी मैदानात खरोखर सभा भरवली. मागणी होती, खेळाच्या तासाला गणित घेऊ नये. मोठ्या बाईंनी शिपाई पाठवून ती पांगवली. दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर लिहिलं: 'हक्क आहे. मैदान शाळेचं आहे.' आणि तासभर त्या दोन वाक्यांवर बोलले. अशा तासानंतर माणूस मनातून त्यांना मोठं मानायला लागे. मीही मानत होते, आणि म्हणूनच पुढचं सगळं लिहिताना मान वर होत नाही.

गिरण्यांचा संप तेव्हा लांबत चालला होता. आमच्या शाळेतल्या कितीतरी मुलांचे वडील घरी बसून होते. आमच्या भागातल्या काही तरुण मंडळींनी एक समिती काढली होती. त्यात एक वकील होते, हसतमुख, सतत घाईत असलेले. त्यांनी जाहीर सभा ठरवली. विषय होता, देशातलं नागरी स्वातंत्र्य कमी होत चाललं आहे. सभेआधी वाटायला एक पत्रक तयार केलं होतं, ते घेऊन वकील शाळेत आले.

"सर, तुम्ही यावर नजर टाका. तुम्ही तपासलंय म्हटलं की कुणाची बोट ठेवायची हिंमत नाही होणार."

सरांनी पत्रक वाचलं. पुन्हा वाचलं. म्हणाले, "देश मोठा आहे हो. देशातलं स्वातंत्र्य कमी झालं, हे मी कुठे जाऊन बघू? मला एक घर दाखवा."

पत्रकात एक घर होतं. एका टेकडीवरच्या वस्तीत राहणाऱ्या संपकरी कामगाराला भिंतीवर पोस्टर चिकटवल्याबद्दल पोलिसांनी घरातून उचललं, कुठेही नोंद न करता डांबून ठेवलं, मारलं आणि सोडून दिलं, असा मजकूर होता. वस्ती कुठली ते मी लिहीत नाही. का लिहीत नाही ते पुढे कळेल. वकिलांना हे त्या कामगाराच्या शेजाऱ्याने सांगितलं होतं.

"म्हणजे ऐकीव," सर म्हणाले.

"सर, तिथे जाल तर सांभाळून जा. आणि पोलिसांकडे नका जाऊ आधी."

"एकाच बाजूला विचारलं तर ती तपासणी होत नाही, वकीलसाहेब."

मला त्यांनी बरोबर घेतलं. बाई असली की बाई मोकळं बोलते, हा त्यांचा हिशेब. शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही बसने गेलो. सर आधी पोलीस ठाण्यात शिरले. तिथल्या अधिकाऱ्याने उठून खुर्ची दिली. सरांनी सरळ विचारलं, असा माणूस तुम्ही आणला होता का? अधिकारी हसला. "सर, तुम्ही शिकलेली माणसं. अशा अफवांवर तुम्हीच विश्वास ठेवायला लागलात तर कसं? रजिस्टर बघा हवं तर." सरांनी रजिस्टर पाहिलं. नाव नव्हतं. "आणि घरी जाऊन विचारायचं असेल तर खुशाल विचारा. वस्तीत रस्ते सापडत नाहीत, हवालदार देतो बरोबर."

हवालदार चांगला होता. चढावर त्याने माझी पिशवी घेतली.

खोली एकच होती. अर्ध्यावर लाकडी माळा, त्याला टेकवलेली शिडी. दारात एक बाई तांदूळ निवडत बसली होती. माझ्याच वयाची असेल. कोकणातली, मालवणी बोलणारी. आम्हाला बघून ती उठली, पदर सारखा केला आणि आमच्या मागे बघितलं. हवालदार चौकटीला टेकून उभा होता.

सरांनी आपलं नाव सांगितलं, शाळा सांगितली. मग त्यांच्या पद्धतीने, तिच्या चेहऱ्याकडे टक लावून, विचारलं, "तुमच्या मिस्टरांना पोलिसांनी नेलं होतं का?"

"नाय," ती म्हणाली. "कोणी सांगितल्यान तुमका?"

"मारलं वगैरे?"

"तसा काय झालाच नाय. ते गावाक गेलेत."

"नक्की?"

"नक्की म्हणजे? माझो घोव खंय गेलो, ता माका ठावक नसतला?"

आपला नवरा कुठे गेला ते आपल्याला माहीत नसेल का, असं ती विचारत होती, आणि विचारताना हसली. मग तिने स्टोव्ह पेटवला. आम्हाला चहा दिला. हवालदारालाही दिला, त्याला आधी दिला. त्याला म्हणाली, "बसा ना साहेब, उभे किती राहशात?"

उतरताना सर खुशीत होते. "बघितलंत, बाई? पोलिसाला चहा दिला तिने. छळ झालेल्या घरात असं होतं का?" मलाही ते पटलं.

सरांनी वकिलांना कळवलं. वकिलांचा चेहरा पडला. पण त्यांनी सरांचा शब्द मानला आणि पत्रकातून तो मजकूर काढला. सभा झाली तेव्हा हॉल भरला होता. संपकरी होते, बायका होत्या, शाळेतले आम्ही काही जण होतो. नगरसेवकाची माणसं मागे भिंतीला लागून उभी होती. एक तरुण वक्ता बोलता बोलता तापला आणि कागदावर नसलेली ती हकिकत सांगून बसला. आपल्या शेजारच्या वस्तीतल्या माणसाला घरातून उचलून नेतात, म्हणाला, आणि तुम्ही विचारता देशात काय चाललंय?

सर उभे राहिले.

"हे खरं नाही," ते म्हणाले. आवाज वर्गातला होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "मी स्वतः त्या घरी जाऊन आलोय. त्या बाईंनी स्वतः सांगितलं, असं काही झालेलं नाही. माझ्यादेखत त्यांनी हवालदाराला चहा करून दिला."

हॉल हसला. मागच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. कुणीतरी ओरडलं, "चहा प्या, घरी जा!" तरुण वक्ता लाल होऊन बसला तो पुन्हा उठला नाही. वकील माईकजवळ गेले, पण त्यांचं कुणी ऐकेना. बायका उठायला लागल्या. सभा तिथेच संपली.

दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या, नगरसेवकाच्या पक्षाच्या फळ्यावर रंगीत खडूने मजकूर आला: 'देशात स्वातंत्र्याची गळचेपी नाही. स्थानिक शिक्षकाचा निर्वाळा.' सर तिथे भांडायला गेले.

"मी देशाबद्दल काही म्हटलेलं नाही. मी एका घराबद्दल बोललो."

"सर, तेच ना!" फळा रंगवणारा कार्यकर्ता म्हणाला. "झकास बोललात तुम्ही. वाट लावलीत त्यांची."

सरांनी हाताने अर्धं वाक्य पुसलं. संध्याकाळी ते पुन्हा लिहिलेलं होतं.

काही आठवड्यांनी ती बाई शाळेच्या फाटकाशी आली. शिपायाने तिला आत सोडलं नव्हतं. मधली सुट्टी होती. सर आणि मी बाहेर गेलो. ती सरांच्या पायाला हात लावायला वाकली, ते मागे सरकले.

"माझ्या घोवाक परत नेल्यानी," ती म्हणाली. "काल सकाळी. खंय ठेवल्यानी, कोण सांगना नाय."

"परत?" सर म्हणाले.

तिने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं.

"परत म्हणजे काय? तुम्ही मला सांगितलं होतंत, ते गावाला गेलेत."

"ते माळ्यार होते," ती म्हणाली. "वरती. निजलेले. पाठ सुजलेली, खोकलो येय तर त्वांडात फडको धरून होते. तुम्ही खाली इचारीत होतास."

तिनेच पुढे सांगितलं, रागावून नव्हे, समजावून सांगावं तसं. हवालदाराला चहा दिला नसता तर तो आत आला असता. आत आला असता तर शिडी चढला असता.

"मग आता माझ्याकडे का आलात?" सरांनी विचारलं. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"तुमका पोलीस मानतत," ती म्हणाली. "तुम्ही सांगितल्यात तर सोडतीत."

सरांचा चेहरा मी तेव्हा पाहिला आणि लगेच दुसरीकडे बघितलं. तो चेहरा कुणी बघू नये असा होता. मोठ्या बाईंना न विचारता ते तसेच तिच्याबरोबर निघाले. मी उरलेले तास कसेबसे घेतले आणि मागोमाग गेले.

ठाण्यात तोच अधिकारी होता. "या सर, या!" त्याने चहा मागवला. सरांनी कप बाजूला सारला. त्यांनी त्या माणसाचं नाव घेतलं.

"इथे नाही तो," अधिकारी म्हणाला. "आणि सर, तुम्हीच तर भर सभेत सांगितलंत, आम्ही असं करत नाही म्हणून. आता तुम्हीच विचारता?"

तो चिडवत नव्हता. खरंच आश्चर्याने विचारत होता, असं वाटलं. सर खुर्चीवरून उठले आणि खोलीबाहेरच्या बाकावर, ती बसली होती तिथे, जाऊन बसले. म्हणाले, "तो दिसेपर्यंत मी इथे आहे."

शेवटी मी वकिलांकडे गेले. माझ्याने वर बघवेना. वकील एवढंच म्हणाले, "कुठल्या ठाण्यात?" आणि कोट घेऊन निघाले. सभा मोडल्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. बाकावर ते सरांच्या शेजारी बसले तेव्हा सर सरकले, इतके सरकले की जवळजवळ बाकाबाहेर गेले. वकिलांनी अर्ज लिहिले, कोर्टात धावपळ केली. सर रोज शाळा सुटली की त्या बाकावर. एका दुपारी त्या माणसाला सोडलं. ठाण्याच्या मागच्या बाजूने तो बाहेर आला. दोन्ही हातांनी भिंत धरत होता. बायकोने त्याला खांदा दिला. सर दुसरा खांदा द्यायला पुढे झाले, तर तो दचकला आणि त्याने डोक्यावर हात घेतले.

सर तिथेच थांबले.

नंतर त्यांनी तिला विचारलं, "मी हे लोकांना सांगू का? सभेत सांगितलं होतं, तसंच सगळ्यांसमोर?"

"नको," ती म्हणाली. "आमचा नाव घेव नकात. घर खंयचा ता पण सांगू नकात. आमका हयच रवाचा आसा."

त्यांना तिथेच राहायचं होतं. तिला हे मागायचा अधिकार होता, आणि सरांनी तो मानला: बोलायची वेळ आली तरी नाव-घर सांगायचं नाही.

त्या पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला नगरसेवक आले होते. मोठ्या बाईंनी जाहीर केलं की सत्याची बाजू निर्भयपणे मांडल्याबद्दल आपल्या सरांचा सत्कार होणार आहे. सरांना कुणी आधी विचारलं नव्हतं. ते पुढे गेले. नगरसेवकांनी शाल उलगडली तेव्हा सरांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"मी सभेत जे सांगितलं ते खोटं होतं," ते म्हणाले. "मी तपासायला गेलो, आणि चुकीचं तपासून आलो. त्या घरात तसं घडलं होतं. कुणाचं घर, ते मी सांगणार नाही."

नगरसेवक शाल तशीच धरून हसले. "सर, आज असं बोलायचा दिवस नाही. आणि तुमच्याकडे पुरावा काय?"

"आहे. पण तो देता येत नाही."

"मग लोकांनी मानायचं कसं?"

वर्षानुवर्षं ज्याने कुणाचं एक वाक्य तसंच जाऊ दिलं नाही, त्याच माणसाला सगळ्या शाळेसमोर कुणीतरी 'कशावरून' विचारत होतं. पुढच्या रांगेतली मुलं हसू दाबत होती. "मानू नका," ते शेवटी म्हणाले. "पण नाक्यावरचा तो फळा पुसा." मोठ्या बाईंनी संगीताच्या बाईंना खूण केली आणि समूहगीत सुरू झालं. शाल नगरसेवकांच्या हातावर घडी होऊन परत गेली.

फळा पुसला नाही. पुढच्या आठवड्यात त्यावर दहीहंडीचा मजकूर आला, एवढंच. सरांकडून नागरिकशास्त्र काढून घेतलं आणि कार्यानुभव दिला. म्हणजे मुलांना पाकिटं आणि खडूचे डबे बनवायला शिकवायचं. शिक्षकखोलीत आम्ही कुणी काही बोललो नाही. उलट काही जणांना बरं वाटलं. आता निवांत काहीही बोलता येत होतं. कुणी काही म्हणालं तरी सर कोपऱ्यात खळ ढवळत राहत. एकदा चित्रकलेचे सर मुद्दाम म्हणाले, ऐकलंत का, उद्यापासून दूध बंद. सरांनी मान हलवली आणि म्हणाले, "असेल." चित्रकलेचे सरच ओशाळले.

शनिवारी मात्र ते शाळा सुटल्यावर कुठेतरी जात. कुठे, ते मला पुष्कळ दिवसांनी कळलं, कारण एकदा मी त्यांच्याबरोबर गेले. ते त्या ठाण्यात जाऊन बाहेरच्या बाकावर बसत. काही मागत नसत, काही विचारत नसत. तिथला अधिकारी बदलला होता. नव्याला ते वेडसर वाटत. त्याने पहिल्यांदा हाकललं, मग सोडून दिलं. कुणाचा नवरा, कुणाचा भाऊ आत असे; बाहेर बसलेल्यांना अर्ज लिहून हवा असेल तर सर लिहून देत. बरेचदा कुणालाच काही नको असे.

"यानं काय होतं, सर?" मी विचारलं.

"माहीत नाही, बाई. घरी बसवत नाही."

आम्ही बसलो असताना एक म्हातारा आत आला. हातात टोपी, दारातच अडखळला. इकडेतिकडे बघितलं आणि सरांची उंची, त्यांचे बारीक केस बघून त्यांच्यापुढे येऊन हात जोडले. "साहेब, माझ्या पोराला आणलंय म्हणतात."

सर ताडकन उठले. चेहरा कानापर्यंत लाल झाला. "नाही, नाही. मी साहेब नाही. मी इथला कुणी नाही."

म्हाताऱ्याला काय करावं कळेना. सरांनी बाकावरची आपली पिशवी खाली ठेवली आणि जागा केली. "बसा."

तो काठावर बसला. थोड्या वेळाने त्याने हळूच विचारलं, "मग तुम्ही कुणासाठी थांबलाय?"

"कुणासाठी नाही," सर म्हणाले. "तुमचं होईपर्यंत आहे मी."

आतून कुणाला तरी दरडावल्याचा आवाज आला. म्हाताऱ्याने टोपी घट्ट धरली. सर त्याच्या थोडे जवळ सरकले, आणि आम्ही तिघं तिथे बसून राहिलो.